रेबेका, अडकित्ता आणि आजीचं घंगाळ

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात अकोल्याहून एक जाडजूड पाकीट आलं. मला वाटलं कुणीतरी कविता पाठवल्या असतील. (तुमच्या कविता मी वाचतो हं! फक्त 'पाऊस' आणि 'आई' सोडून तिसरा विषय कधीतरी घ्या.) उघडून बघतो तर आत चार फुलस्केप पानांचं पत्र, एक रेल्वेचा नकाशा आणि एका वहीच्या पानावर जमाखर्च. पत्र लिहिणारी मैत्रीण आठवीत आहे. तिच्या परवानगीशिवाय नाव छापत नाही.

ती लिहिते, "मामा, आमच्या शाळेची सहल शेगावला झाली, चिखलदऱ्याला झाली, लोणारला झाली. नरनाळा किल्ला तर मी दोनदा चढले. पण आमचे चित्रकलेचे सर म्हणाले, की काही माणसं आयुष्यभर चित्रं, मूर्ती, जुन्या वस्तू गोळा करतात आणि त्यांचं घरच मोठं संग्रहालय होतं. मला ते बघायचं आहे. पण बाबा म्हणतात, लोकांच्या घरी काय बेल वाजवून जायचं का? त्यांना चारच दिवस रजा आहे. पुढच्या वर्षी माझी नववी, मग दहावी. म्हणजे जायचं तर याच सुट्टीत. आजीलाही न्यायचं आहे, पण तिचे गुडघे दुखतात. सांगा, कुठे जाऊ?"

वा! प्रश्न असावा तर असा. चार दिवस, एक आजी, दोन दुखरे गुडघे आणि मोजके पैसे. चला, आज सगळे मिळून हिचा बेत आखू. अमरावतीकर, तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या.

आधी बाबांच्या शंकेचं बघू. खाजगी संग्रह दोन प्रकारचे असतात. एक, जो अजून मालकाच्या घरातच आहे. तिथे खरोखरच बेल वाजवावी लागते, पण त्याआधी पत्र पाठवावं लागतं. ते पत्र कसं लिहायचं ते पुढे सांगतो. दुसरा, जो एका माणसानं हौसेनं जमवला आणि पुढे सगळ्या लोकांसाठी खुला झाला. तिथे तिकीट काढलं की झालं. पहिल्याच प्रवासाला निघणाऱ्यानं दुसऱ्या प्रकारापासून सुरुवात करावी, असं माझं मत.

आता नकाशात अकोल्यावर बोट ठेवा आणि खाली सरका. वाशीम, हिंगोली, पूर्णा, नांदेड, आणि पुढे हैदराबाद. पूर्वी अकोल्याहून या मार्गानं छोट्या रुळांची गाडी डुगडुगत जायची, आता मोठे रूळ झाले आहेत. हैदराबादेत मुसी नदीच्या काठावर सालारजंग संग्रहालय आहे. चाळीस हजारांहून जास्त वस्तू, त्याशिवाय हस्तलिखितं आणि पुस्तकं वेगळी. आणि यातला मोठा भाग एका माणसानं जमवलेला!

पण हैदराबादचं नाव मी पहिलं का घेतलं माहीत आहे? कारण त्या घराण्याचं आणि आपल्या वऱ्हाडाचं जुनं नातं आहे.

वऱ्हाड एकेकाळी निजामाच्या राज्यात होता, हे तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या ओळीत भेटलं असेल. इंग्रजांनी 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज उभी केली होती. फौज इंग्रजांच्या हुकमतीत, खर्च मात्र निजामाचा! पैसे थकत गेले, कर्ज वाढलं. शेवटी मे १८५३ मध्ये करार झाला आणि त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. काळी जमीन, पांढरा कापूस. असा मुलूख कोण सोडतो? तेव्हाचे हैदराबादचे दिवाण या करारानंतर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या आला. वय वर्षं चोवीस. तोच पहिला सालारजंग.

या माणसानं जन्मभर एक ध्यास घेतला, वऱ्हाड परत मिळवायचा. अर्ज केले, पत्रं लिहिली. १८७६ साली तो स्वतः इंग्लंडला निघाला. वाटेत इटलीत उतरला. रोममध्ये बेन्झोनी नावाच्या शिल्पकाराची एक संगमरवरी मूर्ती त्याला दिसली. बायबलमधली रेबेका. नवरीमुलगी, तोंडावर झिरझिरीत ओढणी घेतलेली. आता गंमत बघा, ओढणी दगडाची, चेहराही दगडाचा, आणि तरी ओढणीतून चेहरा दिसतो! सालारजंगानं मूर्ती विकत घेतली. पुढे पॅरिसला हॉटेलच्या जिन्यावरून तो पडला आणि मांडीचं हाड मोडलं. तशा अवस्थेत लंडनला जाऊन त्यानं वऱ्हाडचं गाऱ्हाणं मांडलं. इंग्रजांनी त्याचा मानसन्मान पुष्कळ केला. वऱ्हाड काही दिला नाही. १८८३ साली तो वारला तेव्हाही वऱ्हाड इंग्रजांकडेच होता.

म्हणजे बघा, ज्या प्रवासाला तो आपला अकोला-अमरावतीचा मुलूख मागायला निघाला, त्याच प्रवासात रेबेका विकत घेतली. ती आजही हैदराबादेत उभी आहे. तिच्यासमोर उभं राहाल तेव्हा गाईडला ही गोष्ट तुम्हीच सांगा.

बाकीच्या बहुतेक वस्तू जमवल्या त्याच्या नातवानं, तिसऱ्या सालारजंगानं. नाव मीर युसुफ अली खान. जन्म १८८९. तान्हा असतानाच वडील गेले. १९१२ मध्ये तोही हैदराबादचा दिवाण झाला, पण दोन वर्षांतच ते काम सोडलं आणि मग उरलेलं सगळं आयुष्य एकच उद्योग, वस्तू जमवणं. चिनी मातीची भांडी, हस्तिदंताच्या खुर्च्या, तलवारी, गालिचे, घड्याळं, चालायच्या काठ्या, बाहुल्यासुद्धा! लग्न केलं नाही. १९४९ साली वारला तेव्हा मागे मूलबाळ नव्हतं. होता तो वस्तूंनी ठासून भरलेला वाडा. त्या वाड्यातच १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय सुरू झालं. १९६८ साली ते आताच्या इमारतीत आलं.

तिथे एक संगीत घड्याळ आहे. दर तासाला आतून एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो आणि टोले देतो. तासाच्या आधी पाच-दहा मिनिटं सगळं संग्रहालय त्याच्यासमोर गोळा होतं. खरं सांगू? त्या वेळी बाकीची दालनं रिकामी असतात. तेव्हा बारा टोल्यांचा मोह धरू नका. एक वाजता फक्त एकच टोला पडतो, बाहुला मात्र तोच! आणि हो, सगळ्याच वस्तू सारख्या मोलाच्या आहेत असं समजू नका. इतकं जमवणाऱ्याच्या हाताला थोडं भारी लागतं, थोडं नुसतंच चकचकीत. कोणतं कोणतं ते ओळखायचा खेळ बहीण-भावांनी खेळून बघा. भांडण झालं तर मला कळवा.

आता आपल्या मैत्रिणीच्या जमाखर्चाच्या पानाकडे वळू. तिनं चार दिवसांत हैदराबाद, पुणे आणि मुंबई बसवलं आहे! बाई गं, तू माणूस आहेस की टपालाची पिशवी? दोन रात्री गाडीत, उरलेले दिवस धावपळीत, आणि आजीच्या गुडघ्यांचं काय? चार दिवस म्हणजे एक गाव. एका दिवसात एकच संग्रह. तोही दोन-अडीच तास, मग बाहेर येऊन डबा खायचा, आणि वाटलं तर पुन्हा आत. तीन तासांनंतर डोळे उघडे असतात पण दिसत काही नाही.

आणि पहिली चौकशी सुट्टीच्या वाराची करायची. सालारजंग शुक्रवारी बंद असतं, कित्येक सरकारी संग्रहालयं सोमवारी. हे मी फुशारकीनं सांगत नाही. एकदा दोन मुलांना घेऊन मी मोठ्या ऐटीत एका गावी गेलो. फाटकाला कुलूप. आठवड्याची सुट्टी! चूक माझीच, विचारलंच नव्हतं. आम्ही तिघांनी फाटकाबाहेरच्या पायरीवर बसून शेंगदाणे खाल्ले आणि परत आलो. ती दोघं आता मोठी झाली आहेत, पण अजून कुठे जायचं ठरलं की विचारतात, "मामा, शेंगदाणे घेऊ का?"

हैदराबाद झालं. दुसरा रस्ता पुण्याचा. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस बडनेऱ्यालाही थांबते, अकोल्यालाही. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. यातला 'राजा' सिंहासनावरचा नाही बरं का. तो एक लहान मुलगा होता.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ चा. घरचा धंदा चष्म्याच्या दुकानाचा. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. साधारण १९२० पासून त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी या संग्रहाला त्याचं नाव दिलं. पत्नी कमलाबाईंची या कामात साथ होती. गावोगाव हिंडून, घासाघीस करून, पदरमोड करून वस्तू गोळा केल्या. १९६० च्या सुमारास त्या पंधरा हजारांच्या घरात गेल्या, आता वीस हजारांच्या वर आहेत. पुढे केळकरांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला. नव्वदी ओलांडून १९९० मध्ये ते गेले.

या संग्रहात राजेमहाराजांच्या थाटापेक्षा घरातल्या वस्तू जास्त. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, फण्या, दौती, खेळणी, पानाचे डबे, कोरीव दरवाजे, तंतुवाद्यं. मस्तानीच्या कोथरूडच्या महालाचा भाग तिथून उचलून आणून इथे पुन्हा उभा केला आहे. पण तुम्ही अडकित्त्यांच्या कपाटापाशी थांबाच. सुपारी कातरायचं साधं हत्यार, आणि त्याचे किती आकार! घोडे काय, पक्षी काय, माणसं काय!

माझी बहीण अमरावतीला असते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्या घरी हाच वाद पेटला होता. भाचा नववीत, भाची सहावीत. भाऊजींना तिरुपतीला जायचं होतं, मुलांना कुठेही चालणार होतं पण तिरुपतीच्या रांगेत उभं राहायचं नव्हतं, आणि भाऊजींच्या आईला, म्हणजे मुलांच्या आजीला, कुठेच जायचं नव्हतं. "तुम्ही जा रे बाप्पा. मले कायले ओढता? म्या जुन्या वस्तू कायले पाहू? म्याच जुनी झाली," असं तिचं म्हणणं. शेवटी पुण्याला एक नातेवाईक आहेत, राहायचा खर्च वाचेल, एवढ्याच मुद्द्यावर पुणं ठरलं. कलेबिलेचा काही संबंध नव्हता. मीही त्यांच्यासोबत गेलो.

केळकर संग्रहालयात पहिल्या अर्ध्या तासात भाचीचे पाय दुखायला लागले, भाचा मोबाइल काढून बसला. आजी मात्र मागे राहिली होती. मी शोधत गेलो तर ती वज्रींच्या कपाटासमोर काचेला नाक लावून उभी. आंघोळीच्या वेळी टाच घासायची पितळी वज्री, वर पक्षी बसवलेला.

"अव माय! हे पाह्य," ती म्हणाली. "अशीच माह्या सासूची होती. तिच्यावर पोपट होता. म्या मोडीत देली."

"मोडीत? काहून आजी?" भाची धावत आली.

"स्टीलचं पातेलं घ्याचं होतं ना. तवा साऱ्यायच्या घरी स्टील येऊन राह्यलं होतं. पितळ घासून घासून हात काळे व्हायचे. म्या म्हटलं, जाऊ दे."

ती किती वेळ तिथेच उभी होती. मग मात्र चित्र पालटलं. पुढच्या प्रत्येक कपाटापाशी आजीच गाईड. कोणत्या दिव्यात तेल कुठून घालायचं, फणीला तेल सोडायची जागा कशाला ठेवली, अडकित्त्याच्या कोणत्या दांड्यावर जोर द्यायचा, हे काचेवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. तिनं सांगितलं. भाच्यानं मोबाइल पुन्हा काढला, पण या वेळी आजीचं बोलणं टिपून घ्यायला. शेजारी उभं असलेलं एक कुटुंबही ऐकायला थांबलं. गुडघे दुखायचे तेव्हा आजी जिन्यात बसायची आणि म्हणायची, "थांबा रे, येतो म्या."

तर अकोल्याच्या मैत्रिणी, मी तुझ्या जागी असतो तर आजीला घेऊन पुण्याला गेलो असतो. जिने आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. हळूहळू चढायचं, मध्ये बसायचं. हैदराबाद पुढच्या खेपेला, दहावीची परीक्षा झाली की. रेबेका दीडशे वर्षं थांबली आहे, आणखी दोन वर्षं थांबेल.

बाकी ठिकाणांची नावं वहीत नुसती टिपून ठेव. सातारा जिल्ह्यात औंधला यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभं केलं. ते स्वतः चित्रं काढायचे. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराची आई-मुलाची मूर्तीही आहे, त्या लहानशा गावात! मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या भावांचे संग्रह आहेत. त्यांचे वडील जमशेटजी यांनी १८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल काढली, कारण कापूस इकडेच पिकत होता. तेव्हा मुंबईत टाटांच्या दालनात चिनी फुलदाण्या बघताना थोडी ऐट मिरवायला हरकत नाही.

आता राहिलं पत्र. तुमच्या गावातही कुणीतरी नाणी, जुनी चित्रं, दिवे, पोथ्या जमवत असतं. चित्रकलेच्या सरांना किंवा वाचनालयातल्या काकांना विचारा, त्यांना ठाऊक असतं. प्रवासाआधी असा एक संग्रह बघून घेतला तर पुण्याला गेल्यावर डोळे तयार असतील. पत्र फार लांब नको. साधारण असं:

"स. न. वि. वि. मी आठवीत शिकते. आपण जुनी नाणी जमवता असं आमच्या सरांकडून कळलं. मला ती बघायची इच्छा आहे. आपल्या सोयीच्या दिवशी मी, माझा भाऊ आणि बाबा असे तिघं एक तासासाठी आलो तर चालेल का? आम्ही कशालाही हात लावणार नाही. आपण नाही म्हणालात तरी राग येणार नाही. आपली नम्र..."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. उत्तर 'नाही' आलं तर खरंच राग मानायचा नाही. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाला चोरीची भीती असते. आणि 'हो' आलं तर ठरल्या वेळी जायचं, तासाभरात उठायचं, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. घरात काय काय आहे हे बाहेर सांगत सुटायचं नाही, हे फार महत्त्वाचं. "केवढ्याला पडलं?" हा प्रश्न विचारायचा नाही. "हे तुम्हाला कुठे मिळालं?" हा जरूर विचारायचा, मग बघा माणूस कसा खुलतो. घरी येऊन आभाराचं कार्ड टाकायचं.

आई-बाबांनो, चार ओळी तुमच्यासाठी. टाईमटेबल बघणं, तिकिटाचे पैसे मोजणं, सुट्टीचा वार विचारणं ही कामं मुलांना करू द्या. चुकलं तर चुकलं, शेंगदाणे आहेतच. आणि आत गेल्यावर "हे बघ, ते बघ, लवकर चल" एवढं करू नका. मूल एकाच बाहुलीसमोर वीस मिनिटं उभं राहिलं तर राहू द्या. त्यानं पाहिलेल्या दहाच वस्तू वहीत उतरवल्या, प्रत्येकीचं नाव, ती कशाची केलेली आणि कशासाठी, तरी तिकिटाचे पैसे वसूल.

माझ्या भाचीनं तशी वही केली आहे. पुण्याच्या दहा वस्तू झाल्यावर तिनं पान उलटलं आणि घरातल्या वस्तू लिहायला सुरुवात केली. पोपटाची वज्री गेलेली, तिच्यापुढे नुसती फुली. एक समई, एक सांडशी, आजोबांची दौत, आणि न्हाणीघरात मोठं तांब्याचं घंगाळ. हे घंगाळ मोडीत द्यायचं भाऊजींच्या मनात पुण्याला जायच्या आधीपासून होतं. गीझर बसवला, आता त्याची अडचणच होते, आणि तांब्याला भावही बरा आहे. त्यांचंही खोटं नाही, घर लहान आहे.

परवा ताईचा फोन आला. मोडवाला येऊन घंगाळाचं वजन करून गेला म्हणे. तोवर भाचीनं त्यावर खडूनं '५' असा आकडा लिहिला होता, वहीतल्या नोंदीचा. आजी म्हणाली, "राहू दे दोन-चार रोज." संक्रांतीला मी अमरावतीला जाणार आहे. न्हाणीघरात डोकावून तुम्हाला कळवीनच.

तुमचा,
मामा